टिटवी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पक्ष्यांवर बोलण्याइतकी मी जाणकार नव्हे. पण संक्रांतीनंतर आपण अकरा जणी तापीच्या बाजूला पक्षी पाहावयास गेलो होतो, त्या सकाळी जे दिसले ते सांगते.

आधी एक कबुली. टिटवीचा मला फार राग. वैशाखातल्या ज्या रात्री आमचे मामंजी अत्यवस्थ होते, त्या रात्री खळ्याकडून टिटवी सारखी ओरडत होती. पहाटे ते गेले. तेव्हापासून तिचा आवाज आला की मी खिडकी लावून घेई.

त्या सकाळी आपण गायरानाच्या कडेला बांधावर बसून भाकरी आणि ठेचा खात होतो. समोर पाचसहा माळटिटव्या चरत होत्या, पिवळ्या पायांच्या. त्यांत एक निराळी होती. रंग मातकट, डोक्यावर गडद टोपी, आणि दोन्ही भुवया पांढऱ्या, मागे मानेवर जाऊन मिळालेल्या. पाय काळे. जवळच्या गुराख्याने पाहिले नि म्हणाला, “हाई आठली नही, माय.” आपल्या शाळेच्या बाईंनी दुर्बीण लावली, पुस्तक दोनदा उघडले, आणि बराच वेळ त्या बोलल्याच नाहीत.

ती पाहुणी कझाकस्तान आणि दक्षिण रशियाच्या गवताळ माळांवरची. तिथे अंडी घालते आणि हिवाळ्याला कोणी सुदानकडे, कोणी आपल्या देशाकडे उतरते. हिचे शास्त्रीय नाव व्हॅनेलस ग्रेगॅरिअस. ग्रेगॅरिअस म्हणजे कळपाने राहणारी. आणि आमच्यापुढे ती एकटी उभी होती! जगातून नाहीशा होण्याच्या अगदी काठावर असलेल्या पक्ष्यांत आज तिची गणना होते. वाटेत होणारी शिकार हे त्याचे मोठे कारण मानतात. हिवाळ्यात तिला आखूड गवताचा माळ आणि पडीक रान लागते. आपण ज्याला ‘रिकामी जागा’ म्हणतो, तोच तिचा मुक्काम.

परतताना मी बाईंना माझ्या मनातला सल सांगितला. त्या म्हणाल्या, “अहो, आपली टिटवी अंडी उघड्या जमिनीवर घालते. चार खडे जमवले की झाले तिचे घर. जवळून कोणी गेले की ती ओरडते, रात्रीसुद्धा.” मी गप्प झाले. त्या रात्री डॉक्टरांना आणायला, नातलगांना कळवायला खळ्याच्या वाटेने सारखे कंदील जात होते. ती मरण सांगत नव्हती. आमच्यासारखीच तीही आपल्या माणसांसाठी जागत होती. इतकी वर्षे मी एका आईला शिव्या दिल्या.

भगिनींनो, खानदेशला हरवलेले पक्षी पुन्हा भेटल्याचा इतिहास आहे. 1884 नंतर कोणालाच न दिसलेला रानपिंगळा 1997 साली आपल्या शहाद्याजवळ सापडला. मध्ये 113 वर्षे गेली. तो तिथेच होता. पाहणारे डोळे नव्हते. आपण तर बालकवींच्या धरणगावच्या. 1890 साली ते याच गावात जन्मले. निसर्ग पाहणे आपल्याला परके का वाटावे?

माझी विनंती दोनच गोष्टींची. दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह आपल्या राज्यात पाळतात. त्या आठवड्यात आपण पुन्हा त्या माळावर जाऊ आणि काय दिसले ते मंडळाच्या वहीत लिहून ठेवू. आणि गायरान पडीक आहे, ते मोडून दुसरे काही करू, असा विषय निघाला, तर तिथे घटकाभर बसून आपले म्हणणे मांडू. बायकांचे कोण ऐकतो, असे कोणी म्हणेल. त्यांना सांगावे, टिटवीदेखील समुद्र आटविते.

परवा रात्री ती पुन्हा ओरडली. सूनबाई खिडकी लावायला उठली. मी म्हटले, राहू दे ग उघडी.