अध्यादेश कसा संपला?

मुरुडच्या कॉलेजातली मुलं विचारतात, ‘आपल्या पाच टक्क्यांचं काय झालं?’

जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांतील मागास घटकांना शिक्षणात आणि नोकरीत ५ टक्के आरक्षण दिलं. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकरीतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातलं मात्र रोखलं नाही. मी तरीही कोर्टालाच दोष देत फिरलो. राज्यघटनेचं कलम २१३ नंतर वाचलं: अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत कायदा झाला नाही, तर अध्यादेश आपोआप संपतो. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात मराठा आरक्षणाचं विधेयक मंजूर झालं. आपलं आलंच नाही. आमदारांना तेव्हाच विचारायला हवं होतं.

ओबीसी यादीतल्या मुस्लिम जातींच्या सवलती मात्र आजही आहेत. जातवैधता प्रमाणपत्रासाठी बारावीच्या निकालाची वाट पाहू नका.