त्रिस्तानवर लस येते

दक्षिण अटलांटिक महासागरातील त्रिस्तान द कुन्हा या बेटावर एकच गाव; वस्ती सुमारे २५०. विमानतळ नाही, केपटाउनहून जहाजाला आठवडाभर लागतो. करोनाच्या साथीत हे अंतरच त्यांचे कवच ठरले. पण बेटावर दमेकरी पुष्कळ. रोग शिरता तर अनर्थच! आणि पेच असा की, लस आणायची ती जहाजानेच, व रोग येणार तोही जहाजानेच. अखेर विमानाने फॉकलंड बेटांवर पोचलेली लस एप्रिल २०२१ मध्ये ‘फोर्थ’ या ब्रिटिश गस्ती नौकेने आणली. २ ते ८ अंशांचा गारवा राखीत २,००० मैलांहून अधिक सागरप्रवास! पुढचे टोचणे त्या मानाने सोपे. सारे गाव जिथे एकमेकांस नावानिशी ओळखते, तिथे कोण राहिले हे पाहायला वही कशाला हवी?