लाईट गेली, पाटी अर्धी राहिली

समजा वडवणीत तुम्ही सागवानावर पाटी कोरताय, उद्या सकाळी ती द्यायचीय, आणि लाईट गेली. लाकूड क्लॅम्पमधून काढू नका. लाईट आली की लगेच स्टार्टही दाबू नका. स्टेपर मोटरला आपण कुठं थांबलो ते आठवत नसतं.

आधी झेडचा स्क्रू हातानं फिरवून बिट वर घ्या. लिमिट स्विच असतील तर होमिंग करा. जीआरबीएलमध्ये जी ५४ चं शून्य टिकतं, जी ९२ चं पुसलं जातं. मग फाईलमध्ये थोडं मागं जा, बिट वर उचलल्याची ओळ शोधा. तिच्या पुढच्या ओळीत एक्स आणि वाय दोन्ही हवेत. त्याआधी जी २१, जी ९०, स्पिंडल, फीड पुन्हा द्या, मग तिथून चालवा.

स्विच नाहीत? मग काम सुरू करतानाच शून्यावर बारीक भोक पाडून ठेवायचं. लाईट कधी जाईल ते आपल्या हातात नाही, भोक पाडणं आहे!