बंदुकीची माशी

कवी माणूस माइकपुढे बसला की कविताच ऐकवणार, असा लोकांचा समज असतो. आज तशी धास्ती नको. आज मी एका माशीविषयी बोलणार आहे. ठासणीच्या बंदुकीच्या नळीच्या टोकाला, वरच्या अंगाला, ज्वारीच्या दाण्याएवढा एक मणी बसवलेला असतो. नेम धरताना नजर त्याच्यावरून पलीकडे जाते. त्या मण्याला आपल्याकडे माशी म्हणतात. आमच्या घरात दखनी बोलतात, तिथे ती मक्खी. गंमत म्हणजे रशियन लोकही तिला 'मुश्का', म्हणजे छोटी माशीच म्हणतात. इंग्रजांच्या 'मस्केट' या शब्दाचे मूळही इटालियनमधल्या माशीपाशी जाऊन पोचते. उंटाच्या पाठीवरून डागायच्या लहान तोफेला जंबुरक म्हणत. फारसीत जंबूर म्हणजे गांधीलमाशी. चावणाऱ्या वस्तूला चावणाऱ्या किड्याचे नाव द्यावे, हे सगळ्या मुलखांत सुचलेले दिसते.

आमच्या धारूरला बंदूक नवी नाही. किश्वरखानाने इथला किल्ला १५६७ च्या सुमारास बांधला. पुढे निजामशाहीत त्याला फत्तेहाबाद म्हणू लागले आणि १६३१ साली तो मोगलांच्या आझमखानाने घेतला. त्या काळातली बंदूक तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने दारूला बत्ती देणारी. त्या लांबच लांब नळ्यांच्या तोंडाशी कारागीर कधी कधी वाघाचा जबडा कोरत. सजावट डोळ्यात भरते, माशीकडे कोणाचे लक्ष जात नाही. शिपायाचे लक्ष मात्र तेवढ्यावरच असणार.

मी पाहिलेली बंदूक किल्ल्यातली नव्हे, शेतातली. धारूरच्या चहूकडे बालाघाटचे डोंगर. डोंगरात सीताफळाची झाडी आणि झाडीत रानडुकरे. भुईमूग भरत आला की डुकरांचा कळप एका रात्रीत वाफेच्या वाफे उकरून ठेवतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. माझ्या चाचांकडे तशी एक बंदूक होती. डुक्कर मारायचे तर वन खात्याची परवानगी वेगळी. म्हणून बहुतेक रात्री नुसती दारू ठासून बार काढायचा, कळप पळवायचा. शिसे नळीत जायचे ते कागद हातात असला तरच.

१९८४-८५ ची गोष्ट असेल. त्या बंदुकीची गोळी खाली लागू लागली. चाचा तिला परवानाधारक मिस्त्रीकडे घेऊन गेले, कारण बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय कोणाला करता येत नाही. मीही सोबत होतो. मिस्त्रींनी आधी माशीला हात लावला नाही. दारू तीच, गोळी तीच, बैठक तीच ठेवून लागोपाठ पाच बार काढले. दारूचे माप बदलले की गोळीची जागाही बदलते, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितले. पाचही गोळ्या एका जागी, पण खाली पडल्या, तेव्हा कुठे त्यांनी कानस घेतली.

आता यातले गणित उलटे आहे. गोळी खाली जाते तर माशी उंच करावी असे वाटते. प्रत्यक्षात ती घासून बुटकी करायची. माशी बुटकी झाली, की तिला निशाणाच्या रेषेत आणायला नळीचे तोंड वर उचलावे लागते आणि गोळी वर चढते. गोळी डावीकडे जात असेल तर माशीही डावीकडेच सरकवायची. साध्या ठासणीच्या बंदुकीला मागची खाच बहुधा नसते; तिथे आपला डोळाच खाच. म्हणून गाल दस्त्यावर रोज त्याच जागी टेकला पाहिजे. डोळ्यापासून माशी एक मीटरवर आणि डुक्कर चाळीस मीटरवर असेल, तर माशीतला एक मिलिमीटर तिकडे चार सेंटिमीटर होतो. मिस्त्री कानशीचे दोन हात मारत, थांबत, बार काढून बघत. "घासलेली माशी परत वाढत नसते," ते म्हणाले. आटे पाडलेल्या नळीच्या बंदुकांना कारखानदार मुद्दाम उंच माशी देतात, ते याचसाठी.

माशी लोखंडाची की पितळेची, हाही प्रश्न होता. काळे लोखंड झाडीच्या काळोखात हरवते. पितळ दिसते, पण चकाकते. ऊन उजवीकडून आले की मण्याची उजवी बाजू उजळते, डोळा त्या उजळ भागालाच मधोमध धरतो आणि गोळी डावीकडे जाते. चाचांनी पितळच ठेवले आणि दिव्याची काजळी लावून त्याची चमक मारली.

पुढे शेजारच्या शेतकऱ्याने सुचवले, "चाचा, माशीला चुन्याचं बोट लावा की. रातीचं बी झकास दिसंल."

चाचा म्हणाले, "माशी दिसंल रे. पर फुडं डुक्कर हाय का मानूस, ते चुना सांगनार हाय का?"

धारूर हा ऊसतोड कामगारांचा मुलूख. पहाटेच्या अंधारात बायका-पोरे बांधावरून चालत असतात, राखणीला आलेला कोणी पिकातच घोंगडी टाकून झोपतो. पांढरी माशी रात्री बंदूक तेवढी दाखवते, शेत नाही. चाचांचा नेम ठरलेला होता: संध्याकाळी माशी दिसेनाशी झाली की शिशाचे काम संपले, त्यापुढे फक्त आवाज. चुना लावला असता तर ही खूणच पुसली गेली असती. माशी निवडण्यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट माझ्या मते हीच. किती दिसावे यापेक्षा कधी दिसेनासे व्हावे, हेही तिथे ठरते.

वर मी 'नेम' म्हटले. मराठीत नेम म्हणजे रोख आणि नेम म्हणजे पाळायचा नियमही. 'शिस्त' शब्द फारसीतून आला. 'शिस्त धरणे' म्हणजे बंदूक रोखणे. शाळेत गुरुजी शिस्तीचे फळ्यावर लिहीत तेव्हा त्यात दारूचा वास आहे, हे आम्हा पोरांना कुठून कळणार?

आणि डोळ्याचेही एक आहेच. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर ठरतो. नेमबाज सांगतात, माशी स्वच्छ दिसू द्या, निशाण थोडे पुसट चालेल. पन्नाशी उलटल्यावर मामला फिरतो. लांबचा डोंगर लख्ख दिसतो, हाताएवढ्या अंतरावरची माशी पुसट होते. चाळिशी लावावी तर माशी येते आणि डोंगर जातो. चाचांनी साठीला आल्यावर मण्याच्या जागी मोठा मणी बसवून पाहिला. तो डोळ्याला सापडला, पण चाळीस मीटरवरचे डुकराचे पिल्लू त्याच्याआड अर्धे झाकले जायचे. दोन महिन्यांनी त्यांनी परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज केलाच नाही. बंदूक रीतसर जमा केली आणि राखणीला पत्र्याचे डबे व दोन कुत्री आणली.