पांढऱ्या उंदराची पाठ



अध्यक्षाने भारदस्त काहीतरी बोलावं, असा रिवाज आहे. कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांवर दवाखाना चालवणाऱ्या तुम्हा मित्रांशी मी उंदराबद्दल बोलणार आहे.

शिकत असताना काही महिने मी बिनकेसाच्या, गुलाबट पांढऱ्या उंदरांच्या पाठी मोजल्या. अतिनील दिव्याखाली थोडा वेळ ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पाठीची कातडी चिमटीत घडी करून धरायची आणि कॅलिपर लावायचा. कालची पातळ घडी आज सुजलेली असे. पुन्हा पुन्हा किरण दिले की कातडी जाडसर होते, सुरकुतते आणि काही महिन्यांनी गाठी उठतात. दिव्याच्या किरणांनी उंदराला त्वचेचा कर्करोग होतो, हे संशोधक फिंडले यांनी १९२८ सालीच दाखवलं होतं. आपल्याकडेही टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन संस्थेत 'स्विस बेअर' नावाची बिनकेसाची जात निघाली. ती संस्था आता आपल्याच जिल्ह्यात, खारघरला आहे.

१९७०च्या दशकात संशोधक मार्गारेट क्रिप्के यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. किरणांनी झालेली गाठ धडधाकट उंदरात लावली, तर त्याचं शरीर ती सहसा झिडकारतं. पण आधी किरण खाल्लेल्या उंदरात तीच गाठ वाढते. म्हणजे ऊन डीएनए तर बिघडवतंच, वर प्रतिकारशक्तीलाही नमवतं.

आता माझी तक्रार. तो उंदीर पांढरा आहे आणि भातलावणीला दिवसभर वाकलेली आपली बाई सावळी. तिच्या त्वचेतलं मेलॅनिन त्या उंदराकडे नाही. तिला वांग येतो, उन्हाचं पुरळ उठतं, कर्करोग क्वचित. एक्सप्रेसवेच्या ट्रकचालकाचा उजवा हात डाव्यापेक्षा काळवंडतो, कारण काच वर असली तरी यूव्हीए हा अतिनील किरण आत येतोच. उंदरावरचे आकडे या दोघांना जसेच्या तसे लावून घाबरवू नका.

मग हा उंदीर कुणाच्या जवळचा? उन्हात डोळे मिचकावणाऱ्या, पांढुरक्या केसांच्या, जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या मुलाच्या. टांझानियात अशा माणसांना ऐन तारुण्यात त्वचेचा कर्करोग होतो. आपण मात्र अशा मुलाचं 'गोरापान' म्हणून कौतुक करून त्याला घरी पाठवतो!

कोडाचं वेगळं. तिथे कर्करोगापेक्षा भाजण्याची काळजी जास्त. एकाने कुणाच्या तरी सांगण्यावरून पायाच्या डागाला बावचीचं तेल चोपडलं आणि दुपारपर्यंत शेतात राहिला. बावचीतलं सोरालेन डीएनएत शिरून बसतं आणि ऊन पडलं की त्याचे दोन्ही धागे एकमेकांना शिवून टाकतं. माझ्याकडे आला तेव्हा लिंबाएवढा फोड होता. त्याला मी रागावलो, याची आज लाज वाटते. रागवायचं होतं तेल देणाऱ्याला.

गेल्या पावसाळ्यात कातकरी वाडीवरची एक आई असंच पांढुरकं पोर घेऊन आली. मी सनस्क्रीन लिहीत होतो. ती म्हणाली, "डॉक्टर, एवढी टूब आठ दिस तरी पुरंल का?" मी कागद बाजूला ठेवला. बापाचा लांब बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी आणि शाळेत खिडकीपासून दूरची जागा, एवढं सांगितलं. ती दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते, परत आली की दाखवायला येते. कॅलिपर आता माझ्याकडे नाही. त्या पोराच्या मानेवरून आणि कानाच्या पाळीवरून बोट फिरवतो, कुठे खरखरीत लागतं का ते बघतो.