सभामंडपातील चित्र कोणत्या किनाऱ्याचे?

(पुणे येथे बुधवार पेठेत भरलेल्या ग्रामस्थ व देणगीदार मेळाव्यातील भाषण)



मी तालुका कचेरीतला साधा कारकून, शिक्षण एस. एस. सी. भाषण करण्याचा माझा अधिकार नाही. पण आपल्या देवळाच्या सभामंडपातल्या जुन्या चित्राविषयी समितीने बोलायला सांगितले, म्हणून उभा आहे.

समुद्र, किल्ला, धूर आणि पेटलेली गलबते. लहानपणापासून आपण त्याला सिंधुदुर्ग म्हणत आलो. एका देणगीदारांनी तशी संगमरवरी पाटी देऊ केली. मला शंका आली. सिंधुदुर्ग कुरटे बेटावर, चहूबाजूंनी पाणी. हर्णैचा सुवर्णदुर्गही पाण्यातच. चित्रातला किल्ला मात्र एका अंगाने जमिनीला जोडलेला आणि शेजारी खाडी. नकाशे पाहणे हे आमचे रोजचे काम. शेत ओळखायचे ते बांधावरून, पिकावरून नव्हे.

रंगकामासाठी चौकट उतरवली तेव्हा तळाशी इंग्रजी अक्षरे दिसली, 'घेरिया'. याच बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात आंग्र्यांचा इतिहास चाळला आणि उलगडा झाला. गिर्ये गावाजवळचा म्हणून घेरिया, म्हणजे आपला विजयदुर्ग. ती खाडी वाघोटणची.

प्रसंग फेब्रुवारी १७५६ चा. ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांवर हल्ला केला. खाडीत उभे असलेले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. डॉमिनिक सेरेस या चित्रकाराने हीच लढाई १७७१ साली रंगवली. ते चित्र इंग्लंडात ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे.

मंडळी, दुःख पुढेच आहे. या स्वारीत इंग्रजांबरोबर पुण्याच्या पेशव्यांची फौज होती. आपसातल्या वैरापायी आपणच आपले आरमार जाळू दिले. त्याच वर्षी किल्ला पेशव्यांकडे आला, धुळपांनी तिथे पुन्हा आरमार उभारले. पण आंग्र्यांची ती जरब परत आली नाही.

समितीत काहीजण म्हणाले, "पराभवाचे चित्र देवापुढे कशाला? काढून टाका." देणगीदारही थोडे नाराज झाले. मी हात जोडून एवढेच म्हणालो, देवाच्या दारी खोटी पाटी नको आणि खरे चित्र अडगळीत नको. गावात भावकीचे तंटे आहेत, बांधावरून कोर्टकचेऱ्या चालू आहेत. ते कागद माझ्याच टेबलावरून जातात. भाऊ भावाविरुद्ध परक्याला घरात घेतो तेव्हा काय जळते, हे हे चित्र रोज सांगेल.

त्या देणगीदारांचे मोठेपण असे की, त्यांनी स्वतःच पाटीचा मजकूर बदलून दिला : 'विजयदुर्ग, १७५६'. चित्र पुन्हा आपल्या जागी लागेल. दर्शनाला याल तेव्हा घंटा वाजवून क्षणभर त्यापुढेही उभे राहा.

चुकले असेल तर पदरात घ्यावे. ग्रामदेवतेला वंदन करून माझे दोन शब्द संपवतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.