शस्त्रत्यागानंतरची परीक्षा

माओवाद्यांच्या महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागाचा प्रवक्ता अनंत याने नोव्हेंबर २०२५ मध्ये तिन्ही मुख्यमंत्र्यांकडे सहकाऱ्यांशी विचारविनिमयासाठी मुदत मागितली आणि २८ नोव्हेंबरला गोंदियात दहा साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली. त्यापूर्वी ऑक्टोबरात पॉलिट ब्यूरोचा सदस्य भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव साठ जणांसह गडचिरोलीत शरण आला होता.

२००४ साली हैदराबादेत वाटाघाटी झाल्या. बंदुका मात्र हातातच राहिल्या आणि बोलणी फिसकटली. या वेळी शस्त्र आधी सुटले, हा मोठा फरक. तथापि विश्वास शासकीय आदेशाने निर्माण होत नाही. सालेकसा, दरेकसाच्या वनवस्त्यांत शाळा, दवाखाना व न्याय वेळेवर पोहोचला, तरच ही शांतता टिकेल. ते दायित्व केवळ पोलिसांचे नाही. अवघ्या समाजाचे आहे.